धुतलेली किटली

स्कारबरो
१४ एप्रिल १९५५

प्रिय म्युरिअल,

तू पोचलीस हे बरं झालं. दुकानाची किल्ली शेजारच्या गॉन्टबाईंनी दिलीच असेल, आणि देण्याआधी तुझी उलटतपासणीही घेतली असेल. मनावर घेऊ नकोस. माझ्या भावाने यॉर्क सोडून दक्षिणेत क्रॉयडनला बिऱ्हाड केलं तेव्हा तू चार वर्षांची होतीस. बाईंच्या लेखी तू अजून तेवढीच आहेस, वर दक्षिणेची झालीस हा गुन्हा वेगळा.

माझी छाती भरून आली होती, म्हणून डॉक्टरने समुद्राच्या हवेला पाठवलं. दीड महिन्यात परत येते. तुझ्या कचेरीने तेवढीच रजा दिली आहे, तीही काही थोडी नाही.

आता कामाचं. भट्टीची डावी बाजू जास्त तापते, पाव अर्ध्यावर फिरवायचे. तव्यावरचे जाळीदार पाइकलेट रोज सकाळी, वॉल्मगेटच्या लोकांना चहाबरोबर तेच लागतात. पण खरं काम व्हिट्सनच्या सणाचं. ईस्टरनंतरचा तो सातवा रविवार यंदा २९ मेला येतो. आदल्या शनिवारी आमच्या दुकानातून दीडशे कर्ड टार्ट जातात. माझ्या सासूच्या वेळेपासून जातात. लढाईत आणि रेशनात खंड पडला. मागच्या वर्षी रेशन उठलं, पण व्हिट्सन तोवर होऊन गेला होता. म्हणजे यंदाचा पंधरा वर्षांनंतरचा पहिला. लोक वाट बघताहेत.

या टार्टला चीक लागतो. नुकत्याच व्यायलेल्या गाईचा. दूध उकळीला आलं की त्यात पेलाभर चीक सोडायचा, लगेच मऊ चोथा धरतो. तो फडक्यात टांगायचा, मग अंडी, लोणी, साखर, मनुका, जायफळ घालून पिठाच्या वाटीत भाजायचा. मर्टन गावचा विल्फ डिन्सडेल गुरांच्या बाजाराला येताना किटली आणून देतो. रेनेटची बाटली आणून दूध फाडायचं नाही. तसले टार्ट कोपऱ्यावरचा ओल्डरॉयड करतो. रबर चावायचं असेल तर लोकांनी त्याच्याकडे जावं.

तुझी,
हेप्सी आत्या

यॉर्क
२२ एप्रिल १९५५

प्रिय आत्या,

उलटतपासणी झाली. लग्न का नाही केलं इथपासून क्रॉयडनचं पाणी जड की हलकं इथपर्यंत. मी पास झाले की नाही ते बाईंनी सांगितलं नाही.

दोन दिवस पाव करपले. तिसऱ्या दिवसापासून डावी बाजू माझ्या ध्यानात राहिली. दुपारी दुकान झाकलं की मी तटावर चढते. तुझ्या गावाचा तट भलताच लहरी आहे. मंक वेशीपासून छान चालत आले तर पुढे तटच नाही! एक म्हातारा खाली पाइप ओढत बसला होता. त्याला विचारलं, "इथला तट कुणी पाडला?" तो म्हणाला, "बांधलाच नव्हता पोरी. इथं दलदल होती. शत्रू आपोआप बुडायचा, दगड कशाला फुकट घालवायचे?" मी हसत हसत रस्त्याने वळसा घालून पुन्हा वर चढले. उतारावर सगळीकडे पिवळी डॅफोडिल आहेत आणि वारा फिरला की चॉकलेटच्या कारखान्याचा वास. क्रॉयडनला वारा फिरला की कोळशाचा धूर यायचा.

खाणं तर असं चाललंय की विचारू नकोस. शॅम्बल्सच्या गल्लीत एका खाटकाकडे मीठ लावून मुरवलेला हॅम घेतला, तर त्याने मोहरीशिवाय खाणार नाही अशी शपथ माझ्याकडून घेतली. फळांच्या केकबरोबर वेन्सलीडेलचं चीज खातात हे मला चमत्कारिक वाटलं होतं, आता तीन वेळा खाऊन झालं. इथे भाजीवाल्यापासून पाद्र्यापर्यंत सगळे मला 'पोरी' म्हणतात. पस्तिसाव्या वर्षी बरं वाटतं.

काल डिन्सडेल पहिली किटली देऊन गेला. सहा टार्ट करून पाहिले. गॉन्टबाईंनी एक पूर्ण खाल्ला, ताटलीतला चुरा बोटाने टिपला आणि म्हणाल्या, "वाईट नाही." एवढंच. मला रडू आलं.

तुझी,
म्युरिअल

स्कारबरो
२५ एप्रिल १९५५

प्रिय म्युरिअल,

वेडी आहेस. माझ्या लग्नाचा केक खाऊन गॉन्टबाई "चालेल" म्हणाल्या होत्या. "वाईट नाही" ऐकायला मला अकरा वर्षं लागली. डोळे पूस आणि कामाला लाग.

माझी तब्येत ठीक आहे. समोर समुद्र आहे आणि करायला काही नाही, या दोन्हींचा कंटाळा आला आहे.

हेप्सी आत्या

यॉर्क
३ मे १९५५

प्रिय आत्या,

डिन्सडेल येईनासा झाला आहे. गुरांच्या बाजाराचे दोन दिवस गेले, दुकानाकडे फिरकला नाही. काल मी फिशरगेटच्या बाजूने तटावर उभी राहून खाली बाजारात बघत होते, तर हा कठड्याला टेकून कुणाशी तरी बोलत होता. मी हाक मारली. त्याने वर पाहिलं, टोपीला हात लावला आणि गुरांच्या मागे निघून गेला. चांगला धडधाकट दिसत होता, म्हणजे आजारी वगैरे नाही.

माझं काय चुकलं? मी त्याच्याशी नीट बोलले. चहा दिला. त्याची किटली तर सोड्याने घासून, उकळत्या पाण्याने विसळून, उन्हात वाळवून आरशासारखी करून परत दिली. तुझ्या घरात स्वच्छता कमी पडली असं कुणी म्हणायला नको, म्हणून अर्धा तास घासत होते. मला वाटतं ओल्डरॉयडने त्याला फोडलं. किंवा मी दक्षिणेची म्हणून माझ्याशी व्यवहारच नको असेल. तसं असेल तर तोंडावर सांगायची हिंमत तरी हवी.

पंचवीस दिवस राहिलेत. मी दीडशे टार्ट करणार म्हणजे करणार. तू त्याला दोन ओळी लिही.

म्युरिअल

स्कारबरो
६ मे १९५५

म्युरिअल,

काय करून बसलीस ग! चिकाची किटली धुतलीस?

चिकाची किटली धुवून परत देत नाहीत. कधीच नाही. आत जे चिकटलं असेल ते तसंच ठेवून द्यायची. धुतली की गाईचं दूध आटतं, नाहीतर वासरू दगावतं. मी ते तुला सांगितलं नाही, कारण हे कुणाला सांगावं लागतं हेच मला ठाऊक नव्हतं. पाणी ओलं असतं हे कुणी पत्रात लिहितं का? इथे चार वर्षांच्या पोरालाही ते ठाऊक असतं. तुझ्या बापाने तुला तेवढं तरी शिकवायला हवं होतं.

तुला हसू येत असेल तर खुशाल हस. पण मर्टनला जाऊन हसू नकोस. ओल्डरॉयडचा यात काही संबंध नाही. तू स्वतः जा. मी पत्र लिहून भागायचं नाही. चूक करणाराच दारात उभा राहिला पाहिजे.

हेप्सी

यॉर्क
११ मे १९५५

प्रिय आत्या,

मला हसू आलं नाही. रविवारी मी गॉन्टबाईंची सायकल घेऊन मर्टनला गेले.

दार डिन्सडेलच्या बायकोने, मार्थाने उघडलं. मी म्हटलं, "किटली मी धुतली. मला माहीत नव्हतं. चीक मागायला आले नाही, माफी मागायला आले आहे." ती मग म्हणाली, "वासरू गेलं, पोरी. किटली आली त्याच्या तिसऱ्या दिवशी. चांगलं उड्या मारायला लागलं होतं."

आत्या, हे सगळं खोटं आहे, साबण-सोड्याने वासरं मरत नाहीत, असं मनात म्हणत होते आणि तरी मान वर होत नव्हती. मार्था म्हणाली, "तुझ्यामुळे गेलं असं मी म्हणत नाही. पण माझ्या सासूने साठ वर्षं न धुतलेलीच किटली घेतली आणि एक वासरू दगावलं नाही." आतून विल्फ म्हणाला, "दोन दगावली होती." "तू गप्प बस, विल्फ!"

मी परत फिरले तर ती म्हणाली, "जेवायच्या वेळी आलेलं माणूस मी उपाशी पाठवत नाही. बस." ताटात एकटं यॉर्कशायर पुडिंग आलं, गोड नाही, अंड्या-पिठाचं, भट्टीत फुगलेलं, वर गरम रस्सा. मी मांसाची वाट बघत हात आवरून बसले. सगळे माझ्याकडे बघायला लागले. विल्फ म्हणाला, "खा की! आमच्याकडे हे आधी. यानं पोट भरलं की पाहुणा मांस कमी खातो. बायको हुशार आहे माझी." मार्था हसली नाही, पण दुसरं पुडिंग तिने न विचारता वाढलं. जेवण झाल्यावर मी बाह्या वर करून दुधाच्या बरण्या घासायला लागले. त्या धुतलेल्या चालतात, हे आधी विचारून घेतलं. पुढच्या रविवारीही जाणार आहे. चीक मिळो न मिळो.

आता दुसरी गोष्ट, आणि ती मला पत्रात लिहावी लागते याचा राग आलाय. काल ओल्डरॉयड फूटपट्टी घेऊन दुकानात आला आणि भट्टीचं तोंड मोजायला लागला. मी विचारलं, "काय चाललंय?" तो बिचारा लालबुंद झाला. म्हणाला, "तुमच्या आत्यांनी, थॅक्रेबाईंनी, तुम्हाला सांगितलं नाही? व्हिट्सन झाला की दुकानाच्या विक्रीच्या कागदावर सही होणार. भट्टी काढून तिथं काचेचं कपाट करायचंय." माणूस वाईट नाही. खोटं बोलत होता असंही वाटलं नाही.

आत्या, हे खरं आहे का?

म्युरिअल

स्कारबरो
१४ मे १९५५

प्रिय म्युरिअल,

खरं आहे.

छातीचं मात्र खोटं होतं. मार्चमध्ये एका सकाळी पिठात हात घातला आणि उजवा हात पिठातच राहिला. वर येईना. जीभही दोन दिवस जड होती, ती सुटली. हात नाही सुटला. डॉक्टर म्हणतो सुटणार नाही. ही सगळी पत्रं माझी नाहीत, म्हणजे शब्द माझे आहेत, अक्षर शेजारच्या खोलीतल्या मिस टेम्पेस्टचं आहे. त्या चाळीस वर्षं शाळेत शिकवत होत्या आणि माझ्या तोंडच्या शिव्या लिहायला नकार देतात.

एका हाताने कणीक मळता येत नाही. भट्टीतून तवा काढता येत नाही. मूल नाही, नवरा नाही. ओल्डरॉयडने विचारलं, मी हो म्हटलं. फक्त एक व्हिट्सन हवा होता. पंधरा वर्षांनी लोकांनी आमचे टार्ट खावेत, आणि मग दुकान जावं. त्यासाठी तुला बोलावलं. खरं सांगितलं असतं तर तू कीव करत आली असतीस, आणि कीव मला सोसत नाही.

तुला मी फसवलं. तुझी रजा संपेल, तू जा. हवं तर आताच जा. टार्ट नाही झाले तरी चालेल. मी खचले आहे ग.

हेप्सी आत्या

यॉर्क
१७ मे १९५५

प्रिय आत्या,

तू मला जा म्हणतेस. कुठे जाऊ?

मलाही कुणी रजा दिलेली नाही. तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात मी नोकरी सोडली, आणि खोलीही सोडली. चौदा वर्षं विम्याच्या कचेरीत लोकांच्या जळालेल्या घरांची पत्रं टाइप केली. त्यातलं एकही पत्र मला आलेलं नव्हतं. तुझं आलं: ये, गरज आहे. मी दोन पेट्या भरून निघाले. तुला सांगितलं नाही, कारण तू 'तुझी ब्याद माझ्या गळ्यात का' म्हणशील अशी भीती होती. म्हणजे आपण दोघीही सारख्याच खोटारड्या. घराण्याचा गुण असेल.

तुझी कीव मी करत नाही. कीव करायला मला फुरसतच नाही. पहाटेपासून उभी असते, हातांना भाजल्याचे पाच डाग आहेत, आणि इतकी खूश मी आयुष्यात कधी नव्हते. तुझा एक हात गेला. माझे दोन आहेत. मोजून बघ, तीन होतात. थॅक्रेंच्या भट्टीला आजवर दोनच पुरत होते.

ओल्डरॉयडला आज दारातच सांगितलं, की कागदावर सही झालेली नाही आणि व्हिट्सनपर्यंत फूटपट्टी घेऊन इकडे यायचं नाही. तो म्हणाला, "आणि मग?" मी म्हटलं, "मग बघू."

एकच मागते. माझा टार्ट खाल्ल्याशिवाय सही करू नकोस. आवडला नाही तर स्वतः कागद आणि पेन घेऊन तुझ्यासमोर येईन.

म्युरिअल

स्कारबरो
२० मे १९५५

म्युरिअल,

एका टार्टपुरती थांबते. त्याहून जास्त वचन देत नाही. रेनेट घातलंस तर पहिल्या घासाला कळेल.

हेप्सी

यॉर्क
शनिवार, २८ मे १९५५, दुपारी तीन

प्रिय आत्या,

गॉन्टबाई चारच्या गाडीने स्कारबरोला भाचीकडे निघाल्यात, त्यांच्या हाती हे पत्र आणि डबा देते आहे. घाईत लिहिते.

गेल्या दोन रविवारी मी मर्टनला जाऊन बरण्या घासल्या. चिकाचा विषय मी काढला नाही, मार्थानेही नाही. या रविवारी निघताना ती म्हणाली, "दोन गाई बुधवारपर्यंत वितील. गुरुवारी सकाळी ये." मग म्हणाली, "माझी किटली मी तुला देणार नाही. कधीच नाही. भांडं तुझं तू आण. म्हणजे परत करायचं काही राहणार नाही, आणि तू घासलंस काय नि पुरलंस काय, माझ्या गाईंना त्याचं काही नाही." आत्या, आठ दिवस डोकं खाजवून मला हे सुचलं नव्हतं!

दुकानात झाकणाचं मोठं भांडं एकही नाही. तुझ्या चार मोठ्या चहादाण्या घेतल्या, तोट्यांना बुचं मारली, झाकणं दोऱ्याने बांधली आणि दोन-दोन सायकलच्या मुठींना लटकवल्या. वॉल्मगेटच्या वेशीतून येताना दोन्ही बाजूंचे लोक बाहेर येऊन बघत होते. कोळसेवाला ओरडला, "चहा फारच लांबून आणावा लागतो वाटतं तुम्हा दक्षिणेकडच्यांना!" मी म्हटलं, "शनिवारी या, कपात घालून देते." एक थेंबही सांडला नाही.

एकशे एकोणचाळीस टार्ट झाले. दीडशे नाही. एक तवा, सहाचा, डाव्या बाजूला करपला. घाईत फिरवायचा राहिला, चूक माझी. आणि शेवटी चीक संपला तेव्हा पाचांपुरतं दूध उरलं होतं. गॉन्टबाई म्हणाल्या, "रेनेट घाल, कुणाला कळतंय?" मी म्हटलं, "आत्याला." दूध तसंच ठेवलं आणि अकरा जणांना तोंडावर नाही म्हणाले. त्यात आपला पाद्रीही होता. त्याचा चेहरा उतरला, पण म्हणाला पुढच्या वर्षी पहाटेच येऊन उभा राहतो.

रांग गल्लीच्या वळणापर्यंत होती. एका म्हातारीने टार्ट तिथेच उभ्याने खाल्ला, डोळे मिटून. म्हणाली, "चाळीस साली माझा मुलगा लढाईवर गेला त्याआधी आम्ही हा शेवटचा खाल्ला होता." मी तिला पाणी दिलं.

बारा वाजता फळी रिकामी होती. ओल्डरॉयडही रांगेत होता, आणि त्यानेही विकत घेतला.

डब्यात तुझा आहे. कड जरा जाड झाली आहे, मला ठाऊक आहे. मी काही लपवत नाही. आता तुझं तू ठरव.

म्युरिअल

स्कारबरो
सोमवार, ३० मे १९५५

प्रिय म्युरिअल,

गॉन्टबाई संध्याकाळी परत निघतात, त्यांच्याच हाती उत्तर पाठवते.

कड जाड आहे. जायफळ एका चिमटीने जास्त. मनुका भिजवून घेतल्या नाहीस, त्या वरच्या वर कडक झाल्या. चोथा मात्र बरोबर आहे. माझी सासू पाच वर्षं मला ओरडत होती तेव्हा कुठे मला तो तसा जमला. मिस टेम्पेस्टना मी एक तुकडाही दिला नाही. त्या हे लिहिताना नाक मुरडताहेत. खाऊन झाल्यावर मी रडले. तेही लिहा म्हटलं त्यांना, लिहा.

अकरा माणसांना नाही म्हणालीस ते मी गॉन्टबाईंकडून तीनदा वदवून घेतलं. टार्ट कुणालाही शिकवता येतो ग. ते येत नाही.

ओल्डरॉयडला पत्र गेलं. भट्टी काढायची नाही. त्याला काचेचं कपाट हवं असेल तर त्याने ते स्वतःच्या दुकानात करावं. उद्या सकाळी भट्टी पेटव, सुट्टीनंतर लोकांना पाव लागतो.

खालचं मिस टेम्पेस्टनी लिहिलेलं नाही. त्यांना मी खोलीबाहेर पाठवलं आहे. डाव्या हाताने लिहिते, चार कागद फुकट गेले, वाचता आलं नाही तर गॉन्टबाईंना दाखवू नकोस.

मला इथे राहायचं नाही. शनिवारी दुकान बंद केलंस की ये आणि मला घरी ने.